मदत हवी आहे: 'आभीर' हा शब्द मुळात संस्कृत आहे का?

अहिराणी या खानदेशातल्या बोलीवर एक टिपण लिहितेय आणि तिच्या नावामागच्या 'आभीर' (एक प्राचीन पशुपालक टोळी) या पहिल्याच शब्दाशी अडले. आभीर > आहीर > अहीर हा प्रवास कळतो. प्राकृतात 'भ'चा 'ह' होतोच. प्रश्न त्याच्या मागचा आहे.

आत्तापर्यंत पाहिलेलं: पतंजलीच्या महाभाष्यात (पाणिनीच्या व्याकरणावरचा ग्रंथ) शूद्र-आभीर अशी जोडी येते. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुनाला वाटेत लुटणारे आभीरच. ग्रीक लेखनात सिंधूच्या मुखाकडचा 'अबिरिया' प्रदेश सापडतो. आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत शिवदत्तपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाचा लेख आहे.

कोशांत 'आ समन्तात् भियं राति', म्हणजे सगळीकडे भीती पसरवणारा, अशी फोड मिळते. मला ती मागाहून जुळवलेली वाटते (लुटारू म्हणून नाव झालं, मग व्याकरणही मदतीला आलं!). आभीर हे ब्राह्मण पुरुष आणि अंबष्ठ (एक संकरजात) स्त्रीपासून झाले, ही मनुस्मृतीतली कथाही माहीत आहे, पण त्यातून नावाचा उगम कळत नाही.

मराठी, हिंदी, इंग्रजी वाचू शकते, संस्कृत जेमतेम. आजच्या जातींचा वाद कृपया नको. एवढंच सांगा: हे टोळीचं स्वतःचं, परभाषेतलं नाव संस्कृतात घडवून घेतलं, असं भाषाशास्त्राच्या आधारे कोणी मांडलंय का, आणि ते कुठे वाचायला मिळेल?