दहिसर नाक्यापलीकडे नेमकं कोणाचं काय? (मिरा रोड, नायगाव, वसई)

बोरिवली_पूर्व

बोरिवलीहून उत्तरेला सरकायचं तर बजेटमध्ये तीन ठिकाणं बसतात: मिरा रोड, नायगाव पूर्व आणि वसई रोड. दलाल तिन्हींना बिनधास्त "मुंबईच आहे हो" म्हणतात. कागद पाहिले तर एकावर ठाणे जिल्हा, दुसऱ्यावर पालघर, आणि एका जुन्या कागदावर नायगावसुद्धा ठाणे जिल्ह्यात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुंबई संपते कुठे, आणि तिथेच का? पाणी, वीज, पोलीस, रेशन, गाडीची नोंदणी हे कुठे कोणाकडे? आणि रिसेलचा फ्लॅट घेताना मुंबईपेक्षा वेगळं काय तपासायचं?

---

साष्टीकर

पहिल्या प्रश्नाचं बघतो. एकच रेघ शोधू नका, चार-पाच आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

भूगोलाची रेघ वसईच्या खाडीवर आहे. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला जुन्या ठाणे शहरापर्यंत सगळं एकच साष्टी बेट. म्हणजे मिरा रोड आणि बोरिवली एकाच बेटावर आहेत. नायगाव, वसई मात्र खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर.

महापालिकेची रेघ त्याच्या अलीकडे, दहिसरला. मुंबईची हद्द १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्यानंतर ती पुढे गेलीच नाही. पलीकडची गावं ठाणे जिल्ह्यात ग्रामपंचायती म्हणून राहिली. मिरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद आली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका.

वसईचा इतिहास मुळातच वेगळा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि मुंबई दोन्ही पोर्तुगिजांना मिळाली. १६६१ च्या लग्नकराराने इंग्रजांकडे गेली ती फक्त मुंबई, साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडेच राहिली. चिमाजी अप्पांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई घेतली. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली, मधल्या युद्धात इंग्रजांनी घेतलेली वसई मराठ्यांकडे परतली. दलालाला एवढं ऐकवलंत तर दर कमी होणार नाही, पण "वसई म्हणजे मुंबईच" हे तरी बंद होईल.

जिल्ह्याची रेघ: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि वसई तालुका ठाण्यातून तिकडे गेला. तुमच्या जुन्या कागदाचं उत्तर हेच. त्या तारखेआधीच्या दस्तात "तालुका वसई, जिल्हा ठाणे" असणं बरोबरच आहे.

गंमत म्हणून एक उलटा नमुना: गोराई आणि मनोरी ही गावं मुंबई महापालिकेत आहेत, पण गाडीने जायचं तर भाईंदर-उत्तन असा वळसा. नाहीतर बोरिवलीहून किंवा मार्वेहून बोट.

---

मीटर_रीडिंग

सेवांच्या रेघा याहून वाकड्या आहेत.

वीज: अदानीचं क्षेत्र (आधीची बीएसईएस, मग रिलायन्स) दहिसरला न थांबता भाईंदरपर्यंत जातं. नायगावपासून पुढे महावितरण. उलट मुलुंड आणि भांडुप मुंबईत असूनही तिथे महावितरण आहे. तेव्हा विजेच्या बिलावरून "मुंबईत आहे की नाही" ठरवायला जाऊ नका.

फोनचा जुना कोड: मिरा-भाईंदरला ०२२, वसई-विरारला ०२५०. पिनकोड मात्र दोन्हीकडे ४०१ ने सुरू होतो, मिरा रोडचा ४०११०७. कुरिअरवाले ४०० आणि ४०१ मध्ये फरक करतात, पत्त्यात नुसतं "मुंबई" लिहू नका.

पाणी हा खरा मुद्दा. मुंबईला स्वतःचे तलाव आहेत, भातसा-वैतरणाचं पाणी आहे. मिरा-भाईंदर वर्षानुवर्षं स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण) आणि एमआयडीसीच्या पाण्यावर आहे. वसई-विरारला मुख्य आधार सूर्या प्रकल्पाचा, सोबत पेल्हार, उसगाव असे छोटे तलाव. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेत एकूण ४०३ दशलक्ष लिटर रोज धरलेलं आहे: १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला. पण शहराला पाणी मिळणं आणि तुमच्या इमारतीला मिळणं या वेगळ्या गोष्टी. सोसायटीच्या सचिवाकडून तीन कागद मागा: महापालिकेच्या नळजोडणीचं शेवटचं बिल, जोडणी किती इंची आहे ते, आणि मागच्या एप्रिल-मेमधली टँकरची बिलं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये मिसळलेला असतो, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पोलीस: १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार असं एकच पोलीस आयुक्तालय आहे. त्याच्या पोटात दोन जिल्हे आणि दोन महापालिका.

गाडी: वसईला एमएच ४८. तुमचा एमएच ४७ चा (बोरिवलीचा) नंबर बदलत नाही, राज्य तेच आहे. आरसीवरचा पत्ता मात्र ३० दिवसांत बदलायचा असतो. मतदारयादीसाठी आता नमुना ८ भरायचा, ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी.

रेशन: मिरा-भाईंदर मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात येतं. वसईला तहसीलदार कार्यालयाची पुरवठा शाखा बघते.

बस: बेस्ट मिरा रोड-भाईंदरपर्यंत जाते. खाडीपलीकडे वसई-विरार महापालिकेची परिवहन सेवा किंवा एसटी. भाईंदर ते नायगाव रेल्वेने एक स्थानक, पण गाडीने वरसावे पुलावरून वळसा, कारण खाडीवर त्या बाजूला रेल्वेचेच पूल आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट आहे. दहिसरचा टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, जुन्या हिशेबात तो धरला असेल तर काढा.

---

फेरफार

कागदांबद्दल जरा लांबण लावतो, कारण पैसे इथे अडकतात.

सगळ्यात आधी मौजे, तालुका, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर एका कागदावर लिहून घ्या. इमारतीचं नाव आणि स्टेशन कायद्याच्या कागदात कामाचे नाहीत. नवघर नावाची जागा भाईंदर पूर्वेला आहे, वसई रोडला आहे (नवघर-माणिकपूर) आणि मुलुंड पूर्वेलाही आहे. तालुका न बघता ऑनलाइन शोध घेतला की भलत्याच जमिनीचा उतारा हातात येतो आणि तो "स्वच्छ" निघतो.

महाभूलेखवर सातबारा बघा. डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांत मिळतो, तोच काढा. नावांपेक्षा "इतर हक्क" हा रकाना वाचा: कुळाचं नाव, नवीन शर्त (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), आदिवासी खातेदाराची नोंद, न्यायालयाचा मनाई आदेश. इमारत उभी असूनही सातबाऱ्यावर शेतीच दिसत असेल तर अकृषिक परवानगीचा आदेश मागा.

मग महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या जमिनीचा तुकडा, त्यावर आरक्षणं दिसतात) काढा. हे कोणी करत नाही, आणि नडतं तेच. नालासोपारा पूर्वेत ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत. त्या आरक्षित जमिनीवर उभ्या होत्या. तिथल्या लोकांकडे करारनामे होते, वीज होती, पत्त्याचे पुरावे होते. भाग नकाशावर आरक्षण दिसलं असतं.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) दोन्ही मागा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. जावक क्रमांक आणि तारीख टिपून नगररचना विभागात पडताळा, तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. मजल्यांची संख्याही मोजा. चार मजल्यांची परवानगी आणि सहा मजल्यांची इमारत हा या पट्ट्यातला नेहमीचा प्रकार आहे, आणि विक्रीला येतात ते बहुतेक वरचेच दोन मजले.

रेरा नंबर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात खोट्या बांधकाम परवानग्या जोडूनच रेरा नोंदणी मिळवलेली होती.

घरपट्टीचं बिल हा अधिकृतपणाचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, वर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे दुपटीपर्यंत शास्ती (दंड). त्यामुळे बिल हातात आलं की आधी शास्तीचा रकाना बघा. तिथे रक्कम असेल तर महापालिकेनेच लेखी सांगितलंय की हे बांधकाम अनधिकृत आहे. आणि मुंबईतली ५०० चौरस फुटांपर्यंतची मालमत्ता करमाफी दहिसरलाच संपते, ती इथे गृहीत धरू नका.

मुद्रांक शुल्कातही फरक आहे. मुंबईत ६ टक्के, मिरा-भाईंदरला ७, कारण तिथे स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागतो. महिलेच्या नावावर घर घेतलं तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

---

मुलुंड_चेकनाका

पूर्वेकडचंही कोणी शोधत असेल तर थोडक्यात. ठाणे (महापालिका १९८२ पासून) आणि कल्याण (१९८३) समजायला सोपी, अडचण कडेला आहे. अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत घातली होती, १९९२ मध्ये बाहेर पडली आणि वेगळ्या नगरपरिषदा झाल्या. कल्याणजवळची २७ गावं २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. तिथल्या इमारतीची परवानगी कोणी दिली हे बघताना बांधकामाचं साल आधी विचारा.

नवी मुंबई म्हणतात ते सगळं नवी मुंबई महापालिकेत नाही. बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत. पनवेलकडचा रिसेल घेताना मालमत्ता कराची थकबाकी २०१६ पासून मागा, नुसतं चालू वर्षाचं बिल पाहून गप्प बसू नका.

---

बोरिवली_पूर्व

भाग नकाशाचं माहीतच नव्हतं, आभार. एक शंका राहिली. नायगाव पूर्वेच्या एका फ्लॅटची १९९८ ची परवानगी दाखवतायत आणि ती चक्क सिडकोची आहे. सिडको तर नवी मुंबईची. हा कागद बनावट समजायचा का?

---

फेरफार

नाही, एवढ्यावरून नाही. वसई-विरार उपप्रदेशासाठी शासनाने १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं होतं. तिथली महापालिका ३ जुलै २००९ ची, वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून झालेली. नियोजनाचे अधिकार तिच्याकडे २०१० मध्ये आले. म्हणजे १९९८ ला सिडकोचंच पत्र हवं. उलट त्या सालची फक्त ग्रामपंचायतीची परवानगी कोणी दाखवली असती तर मी थांबलो असतो.

पत्राच्या क्रमांकात "सिडको/व्हीव्हीएसआर" असं दिसेल, म्हणजे वसई-विरार उपप्रदेश, आणि पुढे बीपी (बांधकाम परवानगीचा) नंबर. तो बीपी नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. पत्रातलं मौजे (जूचंद्र, टिवरी जे असेल ते), सर्व्हे नंबर, इमारत क्रमांक आणि मजले जागेवरच्या इमारतीशी जुळवा. एका लेआउटमध्ये आठ-दहा इमारती असतात, परवानगी पाच नंबरची आणि फ्लॅट सात नंबरमध्ये असा घोळ होतो. आणि १९९८ ची सीसी असली तरी ओसी वेगळी मागायची. त्या काळच्या बऱ्याच इमारतींनी ती घेतलेलीच नाही.

---

साष्टीकर

आणि फेरफार म्हणतात ते ग्रामपंचायतीचं सगळीकडे सरसकट लावू नका. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांमध्ये खरोखरची जुनी गावठाणं आहेत, तिथल्या वाडवडिलांच्या घराला ग्रामपंचायतीचा उताराच असणार. २९ गावं महापालिकेतून वगळण्याचा वाद त्याच भागातला. तुम्ही बघताय तो फ्लॅट गावठाणात मोडत नाही, तेव्हा तुमच्यापुरतं त्यांचंच बरोबर.

---

मीटर_रीडिंग

नायगाव पूर्व नक्की होत असेल तर भरतीच्या दिवशी, जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना एकदा स्टेशन ते इमारत चालून बघा. मिठागरांचा सखल पट्टा आहे. तळमजल्याच्या मीटर बॉक्सखाली भिंतीवर पाण्याची खूण किती उंचीवर आहे तेही पाहा, नुकताच रंग मारलेला असेल तर शेजारच्या इमारतीत पाहा.