सड्यावरच्या दवबिंदूचं फोकस स्टॅकिंग जमत नाहीये, नेमकं कुठे चुकतंय?

सडेकर_रत्नागिरी
नमस्कार मंडळी, गेल्या वर्षी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणं, सुरू केलं, कॅननची क्रॉप सेन्सरवाली बॉडी आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स आहे. आमच्या घरामागे कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार आहे, गणपती झाले की तिथे दवबिंदू फुलतो, म्हणजे ड्रॉसेरा इंडिका, ती किडे खाणारी वनस्पती. वीतभरही उंच नसते पण जवळून बघितलं की प्रत्येक लाल तंतूच्या टोकाला चिकाचा एकेक थेंब, आणि त्या थेंबात अख्खं आभाळ उलटं दिसतं. मला ते सगळे थेंब एकाच फोटोत शार्प हवेत.

एका फोटोत दोनचारच थेंब शार्प येतात म्हणून एफ/२२ लावून, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून बघितलं तर सगळंच मऊ मऊ झालं. मग फोकस स्टॅकिंगबद्दल, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो जोडून एकच शार्प फोटो करण्याबद्दल वाचलं आणि रविवारी सकाळी साडेनवाला जाऊन एफ/८ ला, फोकस रिंग हाताने फिरवत १२ फोटो काढले, फोटोशॉपमध्ये जोडले. निकाल असा आला की मधे मधे धूसर पट्टे आहेत, काही थेंब दोनदोन दिसतायत आणि तंतूंच्या कडेला पांढुरकी झाक आहे. यातलं काय माझं चुकलं आणि काय सॉफ्टवेअरचं? कॅमेरा थोडा थोडा पुढेमागे सरकवायची रेल घ्यावीच लागेल का?

मालवणी_मॅक्रो
दादा, तुम्ही जे तीन दोष सांगितलेत त्या तिघांची कारणं वेगळी आहेत, एकत्र बघू नका.

धूसर पट्टे म्हणजे दोन फोटोंच्या मधे फोकस पोचलाच नाही. क्रॉप सेन्सरवर १:१ ला (वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते तेव्हा) एफ/८ ठेवलं तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, साधारण अर्धा ते पाऊण मिमी मिळते, बस. तुमचं पान कॅमेऱ्याकडे झुकलेलं असेल तर पुढच्या थेंबापासून मागच्या थेंबापर्यंत १० मिमी सहज होतात, आणि दोन फोटो एकमेकांवर थोडे चढायला हवेत म्हणून ०.४ मिमीची पायरी धरली तरी २५ फोटो झाले, तुम्ही १२ काढलेत. सॉफ्टवेअर जे फोटोत नाही ते आणणार कुठून! तेच पान थोडं लांबून, १:२ ला घेतलंत तर डेप्थ दोन मिमीच्या आसपास जाते, फोटो खूपच कमी लागतात, नंतर क्रॉप करा. शिकताना १:२ च धरा असं मी सगळ्यांना सांगतो.

एफ/२२ ला मऊ झालं ते डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे. १:१ ला लेन्सवर जो आकडा दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट परिणाम होतो, म्हणजे एफ/२२ हे एफ/४४ सारखं वागतं. एफ/५.६ ते एफ/८ मधेच राहा.

रेल लगेच नको. १:१ पर्यंत फोकस रिंगनेच चांगलं होतं, त्याच्यापुढे मोठं करायचं असेल तेव्हा रेल बघा. रिंगवर कागदाची पट्टी चिकटवून पेनाने बारीक रेघा मारा, सर्वात पुढच्या थेंबाच्याही किंचित अलीकडून सुरू करा आणि एकाच दिशेने मागे जात राहा, उलटं फिरवू नका. एक्स्पोजर मॅन्युअल, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स ठरवून टाका, नाहीतर ढग आला गेला की प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो.

दाभोळखाडी
वरच्या उत्तरात सगळं आहे पण वाऱ्याचं राहिलं आणि आपल्या किनाऱ्यावर खरी लढाई तीच आहे. साडेनऊला गेलात तिथेच थेंब डबल झाले. पाऊस ओसरला की रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ऊन चढलं की खारा वारा उलट सुरू होतो, त्या दोघांच्या मधे सकाळी हवा पडलेली असते, उजाडल्यापासून तास दीड तास. माझे चांगले स्टॅक जवळजवळ सगळे त्या वेळातले आहेत. भर पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा वारा दिवसरात्र असतो.

दुसरं, आडोसा करा. माझ्याकडे आजोबांचं जुनं इरलं आहे, ते वाऱ्याच्या बाजूला उभं करतो आणि पाठीमागे दोन चिरे लावतो, छत्रीसारखं उडत नाही आणि उजेडही अडत नाही कारण मी ते पश्चिमेला ठेवतो आणि सूर्य पूर्वेकडून असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर नाही, तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर, थेट कातळावर. २ सेकंदांचा टायमर लावा आणि पिशवीपासून हात काढा. एवढं करूनही पान हललं तर तो स्टॅक सोडून पहिल्यापासून काढा, मधेच फोटो घुसडू नका. प्रत्येक स्टॅकच्या आधी स्वतःच्या हाताचा एक फोटो काढून ठेवा, घरी आल्यावर कुठला कुठे संपला ते कळतं.

आणि किडा नुकताच अडकलेला असेल त्या पानाचा स्टॅक करू नका, तंतू हळूहळू त्याच्याकडे वळत असतात, डोळ्याला कळत नाही पण पहिल्या आणि पंचविसाव्या फोटोत फरक पडतो.

चिपळूणची_शलाका
पांढऱ्या झाकेबद्दल बोलते, मी एडिटिंगच जास्त करते. फोटोशॉपमध्ये लोड फाइल्स इंटू स्टॅक, मग ऑटो अलाइन, मग ऑटो ब्लेंडमध्ये स्टॅक इमेजेस, एवढंच असतं आणि साध्या विषयाला ते पुरतं, पण एकमेकांवरून जाणारे बारीक तंतू आले की ते गडबडतं. तिथे झिरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस ही खास स्टॅकिंगची सॉफ्टवेअर घ्या, झिरीनची पीमॅक्स किंवा हेलिकॉनची मेथड सी ही पद्धत जास्त बरी पडते. पीमॅक्सने नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढतो, रंग थोडे कडक होतात, म्हणून मी तोच स्टॅक झिरीनच्याच दुसऱ्या पद्धतीने, डीमॅपने पण काढते आणि पानाचा गुळगुळीत भाग डीमॅपचा, तंतू पीमॅक्सचे असं ब्रशने रिटच करते. पैसे घालायचे नसतील तर हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज फुकट आहेत, कमांड टाइप करायची तयारी हवी.

सडेकर, थेंबातली चमक मात्र सॉफ्टवेअरने सुटत नाही हं. चमकेचा टोकदार ठिपका असला की तो फोकसबाहेरच्या फोटोत फुगतो आणि शार्प थेंबाभोवती वलय सोडतो. ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं पातळ कापड झाडावर धरा, ठिपक्याऐवजी थेंबात मऊ पांढरा भाग येतो आणि थेंब गोल दिसतो. हे एक केल्याने माझे अर्धे प्रॉब्लेम गेले.

आधी घरी सरावासाठी एखादा शिंपला घ्या, वारा नाही, हलत नाही, त्याच्या रेघांवर पट्टे राहिले की लगेच दिसतात.

सडेकर_रत्नागिरी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सव्वासहाला सड्यावर होतो. इरलं नाही मिळालं, फणसाच्या फळीचा आडोसा केला. १:२, एफ/८, १४ फोटो, रिंगवर पट्टी लावून, वरून आईच्या जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा. पट्टे गेले, डबल थेंबही गेले. मागच्या टोकाला तीनचार तंतू अजून धूसर आहेत, तिथे मी लवकर थांबलो असं वाटतंय, आणि दोन तंतू जिथे एकमेकांवरून जातात तिथे अजून झाक आहे, शलाकाताई ते पीमॅक्सने करून बघतो. झिरीनची चाचणी आवृत्ती उतरवतोय.

एक विचारायचं राहिलं, ओल्या कातळावर पालथं पडून काम करताना कॅमेऱ्यात दमट हवा जाते, तुम्ही लोक घरी आल्यावर काय करता?

दाभोळखाडी
झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल, ती दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत. एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेऊ नका, पिशवीतच अर्धा तास राहू दे. आणि पालथे पडाल तिथे आधी नीट बघा, दवबिंदूची बारकी रोपं कातळाच्या खळग्यात असतात, कोपराखाली चिरडतात.