आजोबांच्या वहीतली ‘क्विन्सी’

प्रश्न: पंचवटीतला वाडा आवरताना आजोबांची दवाखान्याची वही सापडली. कडेला आयोडीनचा पिवळट डाग, शाईत एकच ओळ: ‘क्विन्सी, उजवी बाजू, चिरा दिला, पू निघाला.’ हा शब्द आला कुठून?

उत्तर: टॉन्सिलशेजारी पू धरतो तो आजार. आता पेरिटॉन्सिलर ॲब्सेस म्हणतात. मूळ ग्रीक ‘कुनान्खे’: कुओन म्हणजे कुत्रा, आन्खेइन म्हणजे गळा आवळणं. लॅटिन-फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत आला.

उत्तर: १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारले, तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव ‘सायनँकी ट्रॅकिॲलिस’ लिहिलं. ‘सायनँकी’ म्हणजे तेच ‘कुनान्खे’. आपला घटसर्प वेगळा, तो डिप्थेरिया.

प्रश्नकर्ती: खूप आभार! आजी सांगायची, वहीतल्या त्या पेशंट बाईंना थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. गळा आवळणं, अगदी तेच. बाकीची पानंही वाचायला घेतलीत.