1912 ची जर्मन निवडणूक: लोकशाही की नुसता देखावा?

जुनी_पानं: जानेवारी 1912, राइशटागची म्हणजे जर्मन संसदेची निवडणूक, कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) राज्यातली शेवटची. समाजवाद्यांनी 397 पैकी 110 जागा काढल्या, सगळ्यात मोठा पक्ष. आणि झालं काय? काही नाही. चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, कोण हे कैसर ठरवणार, बेथमान होल्वेग आधी होता तोच पुढे राहिला. माझ्या मते हा निव्वळ देखावा.

ठोंब्या: अजिबात पटलं नाही. 25 च्या वरच्या जवळपास प्रत्येक पुरुषाला मत, तेही 1871 पासून. त्याच वेळी इंग्लंडात, ज्याचे आपण गोडवे गातो, 10 पुरुषांतल्या साधारण 4 जणांना मतच नव्हतं. आपल्याकडे तर 1909 च्या सुधारणांतले मूठभर मतदार. देखाव्याला 85 टक्के लोक मत द्यायला येतात होय? आणि राइशटागच्या मंजुरीशिवाय बजेट पास होत नव्हतं, कायदा होत नव्हता, हे विसरू नका.

जुनी_पानं: पुरुषांना म्हणालात ते बरं केलंत, बायकांना 1918 पर्यंत थांबायला लागलं. आणि मतदारसंघ बघा की, 1871 पासून सीमा जवळपास हलवल्याच नाहीत, मधे शहरं फुगली तरी. बर्लिनच्या कडेच्या टेल्टो-शार्लोटेनबुर्गमध्ये 3 लाखांवर मतदार आणि शाउम्बुर्ग-लिपेत 10 हजारच्या आसपास, दोघांनाही एकेकच खासदार. 1907 ला समाजवाद्यांची मतं वाढली आणि जागा मात्र 81 वरून 43 वर आल्या. कसली लोकशाही राव.

खेडवळ: गुप्त मतदानाचं कोणीच बोलत नाहीये. चिठ्ठ्या सरकार छापायचं नाही, पक्ष छापून वाटायचे, त्यामुळे कागदावरूनच कळायचं कोणाची ते. 1903 ला पाकीट आणि आडोसा आला तर लोकांनी त्याला ‘संडास कायदा’ म्हणून हिणवलं 😄 पण पेटीचं काय? कुठे सिगारचा डबा, कुठे चक्क सूपचं भांडं. पाकिटं आली तशी एकावर एक बसायची, मग गावच्या साहेबाला क्रम लक्षात ठेवला की झालं, कुठल्या मजुराने कोणाला दिलं ते कळलंच. पेटीचा नियम आला 1913 ला, म्हणजे ही निवडणूक होऊन गेल्यावर.

ठोंब्या: हे सगळं असूनही 42 लाखांवर मतं समाजवाद्यांना पडली ना! पोत्सडाम, जिथे कैसरचा राजवाडा, तिथून समाजवादी कार्ल लीबक्नेख्ट निवडून आला. साहेबाला कळतंय हे माहीत असून लोक देत होते, यालाच मी खरी निवडणूक म्हणतो.

जुनी_पानं: लोकांच्या हिमतीबद्दल वादच नाही हो, मी संसदेबद्दल बोलतोय. 1913 ला अल्सासमधल्या त्साबर्नला लष्कराने साध्या नागरिकांना पकडून डांबलं, राइशटागने 293 विरुद्ध 54 मतांनी चान्सेलरचा निषेध केला, आणि तो खुर्चीवर तसाच. आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा एवढ्या मतांनी पडला तर चावी देऊन जातो.

खेडवळ: सेक्रेटरी चावी देतो? कुठली सोसायटी तुमची?

ठोंब्या: 😂 मान्य, चान्सेलर पाडता येत नव्हता. पण ऑगस्ट 1914 मध्ये युद्धाचं कर्ज मंजूर करायला कैसरला याच 110 वाल्यांची गरज वाटलीच की.

जुनी_पानं: आणि त्यांनी दिलंही, निमूट. डिसेंबरात दुसऱ्यांदा कर्ज मागितलं तेव्हा अख्ख्या सभागृहात विरोधात मत पडलं एकच, तुमच्या पोत्सडामवाल्याचं.