आघाडी करा, पण मत मागायच्या आधी सांगा. पक्षांना विचारधारा उरलीय का?

सांगोल्याकडचा (धागा सुरू करणारा)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितो, लांब होईल, सांभाळून घ्या.

आमच्या घरावर लाल बावटा असायचा. वडील शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) साधे कार्यकर्ते, सतरंज्या उचलणारे म्हणतात ना तसले, पण पक्षाचा अभ्यासवर्ग लागला की दोन दिवस रान सोडून जायचे आणि आल्यावर आईला कूळकायदा नाहीतर रोजगार हमी समजावत बसायचे. आपण या पक्षात का आहोत हे त्यांना सांगता यायचं. आज गावातल्या पोरांना विचारतो, तू या पक्षात का, तर उत्तर येतं "साहेबांमुळे" किंवा "दादांमुळे". साहेब उद्या पलीकडे गेले तर पोरगंही पलीकडे, गळ्यातला गमछा तेवढा बदलतो.

आता २०१९ ला युतीला मत दिलेल्या माणसाचा विचार करा. भाजप १०५, शिवसेना ५६, म्हणजे त्यानं दिलेला कौल स्पष्ट होता. त्यानंतर २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी, २८ ला महाविकास आघाडी, जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. पाच वर्षांत एका मताचे इतके अर्थ लावले गेले आणि त्या माणसाला एकदाही कुणी विचारलं नाही. आघाडीला मत दिलेल्याचंही तेच झालं. महाविकास आघाडीचा किमान समान कार्यक्रम कधी आला? शपथविधीच्या दिवशी! म्हणजे निकालानंतर महिनाभरानं.

आघाडी वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, एकमेकांशी कडाक्याचे मतभेद असलेली माणसं. पण १९५७ ला मुंबईसह मराठी राज्याची मागणी सांगून ती मतं मागायला गेली आणि लोकांनी तिच्यासाठीच मतं दिली. माझं म्हणणं एवढंच की कुणाबरोबर जाणार, कुठल्या मुद्द्यावर जाणार आणि कुणाबरोबर काही झालं तरी जाणार नाही हे पक्षानं निवडणुकीआधी लिहून द्यावं, आणि नंतर बदलायचंच असेल तर आधी स्वतःच्या सभासदांना विचारावं. विचारधारेची याहून मोठी व्याख्या मला नकोय.

ठाणेकर

दादा, मनापासून लिहिलंय हे कळतं पण पटत नाही. विचारधारा ही पोट भरलेल्यांची चर्चा आहे. आमच्या चाळीत नळाला पाणी आणणारा नगरसेवक कुठल्या पक्षाचा हे आम्ही कधीच बघितलं नाही.

आणि पूर्वी सगळे तत्त्वाचे होते हा समज तर सोडाच. १९६८ ला मुंबई महापालिकेला शिवसेनेची युती कुणाशी होती? प्रजासमाजवादी पक्षाशी. आणीबाणीला पाठिंबाही सेनेनं दिला होता. भाजपनं १९८० ला मुंबईच्या अधिवेशनात काय स्वीकारलं, तर गांधीवादी समाजवाद! १९७८ ला पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडून पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) केलं त्यात जुने जनसंघवाले आणि तुमचा शेकाप एकाच मंत्रिमंडळात बसले, शेकापचे गणपतराव देशमुख आणि एन. डी. पाटील दोघेही मंत्री. मग तेव्हा चालतं आणि आता चालत नाही असं कसं?

त्यात कायदाच बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे पक्षाची नोंदणी करायची तर समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्यावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा पक्षसुद्धा कागदावर समाजवादीच. असल्या लिहून देण्याला काय किंमत आहे ते तुम्हीच सांगा.

जे पक्ष बदलले ते टिकले, जे पोथीला धरून बसले ते संपले. १९७८ ला शेकापचे १३ आमदार होते, २०२४ ला फक्त सांगोल्याची एक जागा. लोकांनीच उत्तर दिलंय.

निवृत्त शिक्षिका, लातूर

तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चाललाय, की सगळे पक्ष आता सारखेच. मला हे मान्य नाही. पैशाच्या बाबतीत सारखे झालेत हे खरं. लाडकी बहीण घ्या, महायुतीनं १५०० सुरू केले आणि २१०० चं आश्वासन दिलं, समोरून महालक्ष्मीचे ३००० आले. कर्नाटकात काँग्रेस तेच करते, मध्य प्रदेशात भाजप तेच करतं. तिथे विचारधारा शोधू नका.

पण बाकीचं बघा ना. २०१४ च्या जुलैमध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारनं मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, हायकोर्टानं शिक्षणापुरतं ते चालू ठेवायला हरकत घेतली नाही, तरी पुढच्या भाजप सरकारनं त्याचा कायदा केला नाही. गोवंश हत्याबंदीचं विधेयक १९९५ ला युतीनं मंजूर केलं, मधली जवळपास २० वर्षं ते तसंच पडून राहिलं आणि २०१५ च्या मार्चमध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती आली. माझ्या वर्गात ज्यांच्या घरचा धंदाच त्यावर होता अशी मुलं होती, त्यांच्या घरी सरकार बदलल्याचा फरक त्याच महिन्यात कळला. सगळे सारखेच असं ज्याला म्हणता येतं त्याच्या ताटातलं अजून काही गेलेलं नसतं, एवढंच मी म्हणेन.

ठाणेकर

ताई, तुमचाच मुद्दा पुढे नेतो. २०१९ ते २२ अडीच वर्षं काँग्रेस आणि राष्ट्रवादी सत्तेत होते. तो कायदा बदलला का? ५ टक्के आणले का? नाही. का, तर मुख्यमंत्री शिवसेनेचा. म्हणजे एका पक्षाची विचारधारा दुसऱ्याच्या पाठिंब्यापुढे गप्प बसली. मी वाईट म्हणत नाहीये हां, बहुपक्षीय राज्यात असंच चालणार, कुणालाच पूर्ण हवं ते मिळणार नाही. म्हणूनच म्हणतोय विचारधारेवरून इतकं जीवाला लावून घेऊ नका.

म्युनिकहून

इथे तेरा वर्षं राहतोय म्हणून सांगतो, आघाडी म्हणजे गप्प बसणं असं व्हायलाच पाहिजे असं नाही. जर्मनीत एका पक्षाला बहुमत जवळपास मिळतच नाही, सरकार आघाडीचंच असतं. पण ते बनायच्या आधी पक्षांमध्ये करार होतो, चांगला जाडजूड, आणि तो सगळ्यांना वाचायला मिळतो. कुठला मुद्दा कुणी सोडला, कुणी मिळवला, सगळं त्यात. २०१७ च्या सप्टेंबरात निवडणूक झाली आणि सरकार यायला २०१८ चा मार्च उजाडला, आधी दुसऱ्या आघाडीची बोलणी फिसकटली, मग सोशल डेमोक्रॅट पक्षानं करार सभासदांपुढे मतदानाला टाकला. ६६ टक्के हो म्हणाले, म्हणजे एक तृतीयांश लोक नाही म्हणाले आणि ते सगळ्या देशाला दिसलं. सांगोलेकर जे मागतायत ते स्वप्न नाहीये. उशीर होतो, लोक वैतागतात, पण सकाळी उठून टीव्हीवर शपथविधी बघून धक्का बसत नाही.

पेणकर

ठाणेकर, शेकाप संपला हे आमदार मोजून ठरवू नका. आमच्याकडे महामुंबई सेझ (उद्योगांसाठीचं विशेष आर्थिक क्षेत्र) येणार होता, हजारो हेक्टर जमिनीचा प्रश्न. एन. डी. पाटील सर म्हातारपणी गावोगाव फिरले, आणि २००८ च्या सप्टेंबरात २२ गावांत सरकारलाच मतदान घ्यायला लागलं, जमीन द्यायची की नाही असं थेट शेतकऱ्याला विचारणारं. सेझ झाला नाही, जमिनी राहिल्या. कोल्हापूरचा टोल गेला त्या आंदोलनातही सरच पुढे होते. सत्ता नसताना हे झालं, कारण माणसं एका विचारानं बांधलेली होती.

दुसरं, पक्षांतरबंदीबद्दल कुणीच बोललं नाही. १९८५ ला कायदा आला तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ ला ते काढलं, आता दोन तृतीयांश आणि दुसऱ्या पक्षात विलीनीकरण असं आहे. झालं काय, एकट्यादुकट्या आमदाराला विवेकानं पक्षाविरुद्ध मत द्यायची सोय उरली नाही, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडला की आमदारकी जाते, आणि मोठा गट गेला तर मात्र खरा पक्ष कुणाचा यावर वर्षवर्ष सुनावण्या. शिवसेनेचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी दिला १० जानेवारी २०२४ ला, फूट जून २०२२ ची! तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती.

ठाणेकर

सेझचं मान्य, ते काम मोठंच होतं. पण त्याच रायगडचं दुसरं पण सांगा. शेकाप १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकारमध्ये गेला आणि २००२ ला पाठिंबा काढून विलासरावांचं सरकार अडचणीत आणलं, तेव्हा भांडणाच्या मुळाशी काय होतं? रायगड जिल्हा परिषदेची सत्ता. यात कष्टकऱ्याचा विचार कुठे होता?

आणि सभासदांना विचारा म्हणताय, कुठल्या सभासदांना? मिस्ड कॉल देऊन सभासद होता येतं आपल्याकडे. जर्मनीत वर्गणी भरणारा सभासद आहे, आपल्याकडे यादी पण धड नसते. उद्या मतदान घेतलंच तर ज्याच्या हातात यादी, त्याचाच निकाल.

सांगोल्याकडचा

२००२ चं तुमचं बरोबर आहे, मी झाकणार नाही. वडिलांनाही ते लागलं होतं. आणि १९७८ बद्दल विचारलंत तर पुलोदसुद्धा लोकांना विचारून झालं नव्हतं, माझ्या आवडीची माणसं त्यात होती म्हणून मी त्याला वेगळा नियम लावणार नाही.

शिक्षिका ताई, तुमचं ताटाचं वाक्य वाचून थांबलो. "सगळे सारखेच" असं मी लिहिलं नसलं तरी मनात तेच होतं, ते चुकलं. उलट फरक असतो म्हणूनच आधी सांगायला पाहिजे. काँग्रेसनं २०१९ ला त्या घरांना जाऊन सांगायला हवं होतं की आम्ही सरकारात जातोय पण हा कायदा बदलू शकणार नाही, त्याच्या बदल्यात हे हे मिळवतोय. कुणी सांगितलं का त्यांना?

सभासद यादीचा तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. फक्त पूर्वी आमच्याकडे यादी होती एवढं सांगतो. वडिलांच्या ट्रंकेत वर्गणीच्या पावत्या अजून आहेत, पिवळ्या पडल्यात, वर्षवार दोऱ्यानं बांधलेल्या. १९९९ ला पक्ष काँग्रेसबरोबर गेला तेव्हा तालुक्याच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध भिंती रंगवल्या त्यांच्याबरोबर जायचं हे कुणाला विचारून ठरवलं. कुणी खाली बसवलं नाही. तासभर उत्तर दिलं त्यांना. पटलं नाही त्यांना ते, पण पुढच्या वर्षीची वर्गणी भरून पावती घेतली.