‘इन्फेस्ट’ या क्रियापदाचा मूळ अर्थ आणि मराठी प्रतिशब्द

प्रश्न:
इंग्रजीतील ‘इन्फेस्ट’ या क्रियापदाचा नेमका अर्थ आणि त्याची व्युत्पत्ती कोणी सांगू शकेल का? एका माहितीपत्रकाचे भाषांतर करताना उंदीर, ढेकूण आणि धान्यातील किडे या तिन्हींसाठी हेच क्रियापद आले. मराठीत मात्र दर वेळी निराळा शब्द सुचला. ‘फेस्टिव्हल’शी त्याचे काही नाते असावे काय?

प्रतिसाद १:
तसे नाते नाही. ‘फेस्टिव्हल’ हा सणासुदीचा अर्थ असलेल्या ‘फेस्टुस’ या वेगळ्या लॅटिन शब्दापासून आला. ‘इन्फेस्ट’च्या मुळाशी ‘इन्फेस्टुस’, म्हणजे वैरी, हे विशेषण असून त्यावरून झालेल्या ‘इन्फेस्टारे’ या क्रियापदाचा अर्थ हल्ला करणे, सतावणे असा होता. त्यामुळे चाच्यांनी समुद्र असुरक्षित करून सोडला, तरी लॅटिनमध्ये हेच क्रियापद चाले. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावरही आरंभी त्याचा अर्थ छळणे एवढाच होता आणि मोठ्या संख्येने पसरून जागा व्यापणे हा अर्थ मागाहून रूढ झाला. एखाददुसरे झुरळ दिसल्यास हा शब्द वापरत नाहीत.

प्रतिसाद २:
वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. आपला ‘उपद्रव’ हा शब्द ‘द्रु’, म्हणजे धावणे, या संस्कृत धातूपासून झाला आहे. तेव्हा चालून येण्याची कल्पना त्यातही दडलेली आहे. ‘प्रादुर्भाव’ म्हणजे मात्र नुसते प्रकट होणे. त्यात ना वैर, ना संख्या, तरीही कीडरोगांवरील लेखनात तोच ठाण मांडून बसला आहे, हे मला (कदाचित एकट्यालाच) खटकते. ‘सुळसुळाट’ हा अनुकरणवाचक शब्द असून त्यात हालचाल ऐकू येते, म्हणून तो उंदीर-झुरळांना शोभतो, लाकडाच्या आत मुकाट्याने काम करणाऱ्या वाळवीला नाही.

प्रतिसाद ३:
बोलण्यात आपण नामांपेक्षा ‘लागणे’ आणि ‘होणे’ या साध्या क्रियापदांवरच भागवतो, आणि त्यांतला भेद सहसा चुकत नाही. जे त्या वस्तूलाच खाते ते ‘लागते’: लाकडाला वाळवी लागते, धान्याला कीड लागते, साखरेला मुंग्या लागतात. जे एखाद्या जागी नुसते वस्ती करते ते ‘होते’: गादीत ढेकूण होतात, डोक्यात उवा होतात. इंग्रजी क्रियापद हा भेद करत नाही, म्हणून सर्वत्र एकच प्रतिशब्द शोधू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आता ‘उंदरांचा सुळसुळाट झालेले कोठार’, ‘ढेकूण झालेली गादी’ आणि ‘कीड लागलेले धान्य’ असे लिहितो.