शब्दचर्चा : समोरच्याची वाट अडवणाऱ्या प्राण्याला काय म्हणायचं?

धोटा
चुलतभाऊ आणि मी मिळून पत्त्यांचा एक खेळ तयार करतोय. बेत पोकेमॉनचाच. प्रत्येकाकडे सहा प्राणी, मैदानात एका वेळी एकच, आणि पाळी आली की एक तर डाव टाकायचा नाहीतर प्राणी बदलायचा. फक्त प्राणी सगळे सोलापूरच्या माळावरचे. लांडग्याच्या पत्त्यावर कोपऱ्यात ‘हल्लेखोर’ लिहिलंय, माळढोकाच्या ‘राखणदार’. घोडं अडलंय घोरपडीपाशी.

तिच्या माऱ्यात दम नाही, मुद्दामच ठेवला नाही. पण ती चिकटली की समोरच्याला आपला प्राणी मागे घेता येत नाही. शिवाय तिचा एक डाव असा, की पुढच्या तीन पाळ्या समोरच्याने फक्त मारायचं. औषध, ढाल, काही चालणार नाही. पोकेमॉन खेळणाऱ्यांना लगेच कळेल, पहिला गुण म्हणजे त्यातलं शॅडो टॅग आणि दुसरा डाव म्हणजे टॉन्ट.

तिचा प्रकार म्हणून मी ‘नाकेबंदी’ लिहिलं. भाऊ म्हणाला, नाकेबंदी पोलीस करतात, तीही ३१ डिसेंबरला. वर म्हणतो, शब्द मुळात ‘नाकाबंदी’ आहे. घरात तर मी नाकेबंदीच ऐकत आलोय. बरोबर कोण? आणि दोन्ही कामांना पुरेल असा एखादा शब्द असेल तर सांगा.

खमंग शेंगा
दोन्ही चालतात. पोलिसांच्या बातमीत नाकाबंदी, राजकारणाच्या बातमीत नाकेबंदी. संपला विषय.

बोरू
संपला कसा? नाकाबंदी मला हिंदीच्या वळणाचं रूप वाटतं. मराठीत एक नाका, अनेक नाके. एका चौकात आडव्या जाळ्या लावल्या ती नाकाबंदी म्हणा हवं तर, पण शहरात शिरायचे सगळे नाके धरले की ती नाकेबंदी. अनेकवचन आहे म्हणून त्यात ‘कुठूनच सुटका नाही’ हा भाव येतो. धोटा, तुमचा शब्द अर्थाने अचूक आहे.

खमंग शेंगा
मालक, हे व्याकरण आत्ता जेवता जेवता केलंत का? कुऱ्हाडबंदीत काय एकच कुऱ्हाड बंद असते? चराईबंदी, दारूबंदी, जिल्हाबंदी, कुठेय अनेकवचन? अजून एक बंदी आठवली, पण इथं बायामाणसं वाचतात.

बोरू
अपवादांनी नियम मोडत नाही. आणि शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

अडीच घर
देशी बुद्धिबळात यासाठी मुरलेला शब्द आहे, अर्दब. आपल्या राजाच्या आणि समोरच्या हत्तीच्या मध्ये आपलंच मोहरं उभं असतं. ते हललं की राजाला शह, म्हणून ते हलवता येत नाही. असून नसल्यासारखं. आमच्या वेळी ‘उंट अर्दबीत आला’ असं सर्रास म्हणायचे. आता क्लासची पोरं ‘पिन’ म्हणतात आणि अर्दब म्हटलं की माझ्याकडे बघत बसतात.

बोरू
अर्दब परकीय आहे. पायबंद घ्या, अडसर घ्या, आपले इतके शब्द असताना बाहेर जायचं कारण काय?

अडीच घर
पायबंद आपला? तोही फारसीतूनच आलाय. घोड्याचे मागचे पाय खुंटीला बांधायची दोरी म्हणजे पायबंद. पाय आपल्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही, म्हणून घरचा वाटतो इतकंच. परकीय काढायला बसलात तर शह जाईल, मात जाईल, वजीर जाईल. मग पटावर उंट आणि घोडे घेऊन बसा.

सावळा गोंधळ
काका, शब्दाचं नंतर बघा, धोटाच्या घोरपडीचंच अवघड हाय. मी हा खेळ बरीच वर्षं खेळतो, म्हणून सांगतो.

हे दोन गुण एका प्राण्यात घातले की काय होतं ते पोकेमॉनवाल्यांनी भोगलंय. वॉबुफेट नावाचा निळा बोंगा आहे. स्वतःहून मारत नाही, मार खाल्ला की दुप्पट करून परत देतो. २००२ च्या रुबी-सफायर या पोकेमॉनच्या खेळांत त्याला शॅडो टॅग मिळालं, म्हणजे समोरचा मागे फिरूच शकत नाही. त्यात एन्कोर. तुम्ही आत्ता जो डाव टाकला तोच पुन्हा पुन्हा टाकत बसायचं. नेमकी ढाल उचलली असेल तर ढालच उचलत राहा, तोवर समोरच्याने निवांत आपली माणसं बदलावी. आणि दोघांकडेही वॉबुफेट असला, दर पाळीला थोडं रक्त भरून देणारं लेफ्टओव्हर्स असलं, तर सामना संपतच नसे. पुढच्या पिढीत, २००६ ला, नियम बदलावा लागला: शॅडो टॅगवाल्याला शॅडो टॅग लागत नाही. २०१३ पासून भूत प्रकारचे पोकेमॉन कुणाच्याच तावडीत अडकून राहत नाहीत. एवढं करूनही स्मॉगॉन या खेळाडूंच्या संकेतस्थळाच्या मुख्य गटात शॅडो टॅगला बंदी आहे.

त्याच स्मॉगॉनवर २००७ पासून लोक मिळून नवे पोकेमॉन घडवतात, चर्चा आणि मतदान करून. तिथं आधी कल्पना ठरते, प्राण्याने खेळात करायचं काय ते. मग प्रकार, गुण, आकडे, डाव. तुम्ही चित्र आणि नाव आधी धरून बसलाय. समोरच्याच्या हातात काय उरतं ते आधी लिहून काढा. काहीच उरत नसेल तर त्याने पत्ते टाकून चहाला जावं, दुसरं काय.

पूर्वभाग
या पोराचं बरोबर आहे. माझे आजोबा मिलमध्ये होते. दुपारच्या सुट्टीत फरशीवर खडूने त्रिकोण आखून पुली-मेका खेळायचे, म्हणजे वाघ-बकरी. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मारताच येत नाही, एकीलाही नाही. वाघांना हलायला एकही घर उरू द्यायचं नाही, एवढ्यावरच बकऱ्या जिंकतात. अख्खा एक पक्ष फक्त वाट अडवायचं काम करतो, आणि खेळ रटाळ होत नाही. का, तर एका बकरीने वाघ अडत नाही. एका पाळीला एकच बकरी मांडता येते, मांडेपर्यंत दोन-तीन खाल्ल्या जातात. अडवण्याची किंमत मोजावी लागते. तुमची घोरपड एकटीच पंधरा बकऱ्यांचं काम करते आणि तिला खाणारं कुणी नाही.

आणि शब्दाचं म्हणाल तर आमच्याकडे वाघ ‘कट्टु’ झाला म्हणत. तेलुगूत कट्टु म्हणजे बांधणे. शेजारचे कन्नड बोलणारे खेळायचे, त्यांनाही तो समजायचा, त्यांच्यातही तेच. तुमचा गप्पांचा कट्टा त्यातूनच आला.

बोरू
कट्टा कन्नड ‘कट्टे’वरून आला हे मान्य. बांधलेला ओटा. पण म्हणून घोरपडीवर कट्टु लिहिणार का? उर्वरित महाराष्ट्राला काय कळणार?

पूर्वभाग
उर्वरित महाराष्ट्राला धपाटं तरी कुठं कळतं.

खमंग शेंगा
मग पोरं एकमेकांशी ‘कट्टी’ करतात तीही याच कट्टुवरून आली असणार की! बोलणं बांधून टाकलं.

अडीच घर
कट्टी काटण्यावरून असावी. करंगळीने तोडल्यासारखं करतात, बांधल्यासारखं नाही.

खमंग शेंगा
आणि बट्टी? तिला कुठून आणणार?

पूर्वभाग
अड्ड पण बघा. कन्नडमध्ये अड्ड म्हणजे आडवं. तेलुगूत अड्डम. आपलं आडवा, अडणे, अडसर, आडकाठी, अडवणूक हे सगळं एकाच पोटातलं असेल असं मला कायम वाटतं. बोरूंनी मघाशी अडसर ‘आपला’ म्हणून सुचवला, तो माझ्याच बोळातून गेलेला निघायचा.

बोरू
‘वाटतं’ म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

पडवी
मी मंगळवेढ्याकडची. तुम्ही सगळे बांधायचं आणि बंद करायचं म्हणताय, पण धोटांचा प्राणी समोरच्याला पूर्ण बांधत नाही ना? तो मारू शकतो. मग शब्द लोढणं. पळपुट्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, तो पुढच्या पायांमध्ये लोंबतो. जनावर चरतं, चालतं, पाणी प्यायला जातं. धावायला गेलं की गुडघ्यावर आदळतं. एकच गोष्ट काढून घेतलेली, बाकी सगळ्याला मोकळीक. दाव्याला बांधणं वेगळं, गोठ्यात कोंडणं वेगळं, तोंडाला मुसकं बांधणं वेगळं. मुसकं बांधलेला बैल पिकातून फिरतो पण खाऊ शकत नाही. तुमचा तो टॉन्ट म्हणजे मुसकं झालं, आणि मागे फिरू न देणं म्हणजे दावं. दोन वेगळी कामं आहेत, एका शब्दात बसवताच कशाला?

धोटा
पडवीताई, हे फार कामाचं. पत्त्यावर दोन छोटी चिन्हं काढता येतील, दाव्याचं आणि मुसक्याचं. तरी प्रकाराचं नाव एकच लागतं, कोपऱ्यात जागा तेवढीच आहे.

सावळा गोंधळ, तुमचं ऐकून धरून ठेवणंही तीन पाळ्यांवर आणलं. आणि घोरपडीने दोन्ही डाव एकाच प्राण्यावर लागोपाठ टाकायचे नाहीत असा नियम घातला. खेळून पाहिलं, भाऊ पहिल्यांदाच चिडला नाही. कोल्हा आणि खोकड तिच्या तावडीतून सुटू शकतात, बिळात शिरून. बाकी कुणी नाही.

खमंग शेंगा
लोढणं म्हणजे आमच्यात नकोशी जबाबदारी. ‘मेव्हण्याचं लोढणं गळ्यात पडलं.’ खेळणारं पोर विचारेल, घोरपड कुणाची मेव्हणी?

पडवी
अहो, तो अर्थ नंतरचा. आधी ओंडका, मग मेव्हणा.

खमंग शेंगा
आमच्यात मेव्हणा आधी आला.

बोरू
‘पर्यायरोधक’ सुचवतो. नेमका आहे, दोन्ही कामं त्यात येतात.

सावळा गोंधळ
खोकल्याच्या बाटलीवर लिहितात तसलं वाटतंय की हो.

अडीच घर
कोंडी का नको? नाक दाबून तोंड उघडायला लावणं म्हणजे कोंडीच. ‘कोंडी फोडली’ असंही म्हणता येतं, म्हणजे सुटणाऱ्याच्या डावालाही नाव आपसूक मिळतं.

खमंग शेंगा
कोंडी म्हटलं की आम्हाला पुणे रस्त्यावरचं कोंडी गाव दिसतं. ‘घोरपड, प्रकार कोंडी’ वाचून लोक म्हणतील ती तिथली राहणारी.

धोटा
आणखी एक. तो ‘फक्त मारायचं’वाला डाव, त्याला भावाने ‘चिथावणी’ नाव दिलंय. मला ‘डिवचणं’ बरं वाटतं. टॉन्टचं जपानी नाव चोउहात्सु, त्याचा अर्थ चिथावणी असाच होतो असं तो म्हणतो.

पडवी
जपानीत काय होईल ते होवो. मराठीत चिथावणी तिसऱ्याला देतात. मी तुम्हाला चिथावते, तुम्ही जाऊन बोरूंना मारता. डिवचायचं समोरच्याला, आणि तो मलाच मारायला येतो. तुमच्या खेळात तो घोरपडीलाच मारणार असेल तर डिवचणंच.

सावळा गोंधळ
कळ काढणे! आमच्या गल्लीत तोच शब्द. ‘घोरपडीने कळ काढली, तीन पाळ्या’. लई भारी वाजतंय.

बोरू
कळ काढणे म्हणजे कुरापत. ती भांडणाच्या सुरुवातीला असते. इथे भांडण आधीच चालू आहे.

पूर्वभाग
आमच्या गल्लीत भांडण चालू असतानाही काढतात.

अडीच घर
शॅडो टॅगला नाव काय ठेवलंय? की तसंच?

सावळा गोंधळ
जपानीत ते कागेफुमी. सावलीवर पाय देणे. तिकडच्या पोरांचा खेळ हाय तो, ज्याच्या सावलीवर पाय पडला त्याच्यावर राज्य. आपण पण खेळायचो असलं काहीतरी. पण सोलापूरच्या उन्हात दुपारी बारा वाजता सावली पायाखालीच, कुणावरच राज्य येत नाही.

अडीच घर
मग ‘घोरपडीची मिठी’ ठेवा. सरळ आहे.

बोरू
मिठी प्रेमाची असते. ‘मगरमिठी’ हा शब्द तयार आहे, पण प्राणी चुकीचा.

धोटा
मिठी घेतो. राहिला प्रकार. नाकेबंदी, कोंडी, लोढणं, अर्दब, कट्टु आणि पर्यायरोधक एवढे जमलेत. भाऊ शनिवारी छापायला देणार आहे. एक काहीतरी ठरवू या का?

माळरान
मध्येच बोलतो, पण मघाशी कोल्हा आणि खोकड असे दोन वेगळे पत्ते केल्याचं वाचलं. छान वाटलं. बहुतेक लोक दोन्हींना कोल्हाच म्हणतात. खोकड लहान, शेपटी झुपकेदार, टोक काळं. कोल्हा त्याच्यापेक्षा मोठा. इंग्रजी गोष्टींतला जो लबाड कोल्हा आपण वाचला तो खरं तर खोकडाचा भाऊबंद. भाषांतर करणाऱ्यांनी त्याला कोल्हा केलं, आणि ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ रूढ झालं. म्हणायला हवं होतं ‘खोकडाला द्राक्षं आंबट’.

बोरू
रूढ म्हण बदलता येत नाही. शिवाय ‘खोकडाला’ म्हणताना जीभ अडते.

पडवी
पण द्राक्षं खातं कोण, कोल्हा की खोकड?

माळरान
खोकडही फळं खातं. बोरं तर आवडीने.

खमंग शेंगा
मी नान्नजचा. आमच्या बागेत रात्री जो येतो तो कोल्हाच, बॅटरीच्या उजेडात धडधडीत पाहिलाय. खालचे घड खाऊन जातो, आंबट-बिंबट काही म्हणत नाही. भाषांतरवाल्यांनी अगदी बरोबर केलंय.

माळरान
शेपटीचं टोक बघितलं का? काळं होतं की नव्हतं?

खमंग शेंगा
मी शेपटी बघू का घड मोजू?